सावलीतील पांढरी कडा

इंद्रायणीच्या काठी, आळंदीच्या शेजारी वसलेली चऱ्होली हे मुळात शेतीचे गाव. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले आणि पुढील काळात त्याच्या शिवारात बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. भोसरी, चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणारी कुटुंबे येथे राहावयास आली आणि त्यांच्यामागून गावाकडचे आईवडीलही आले. अंगण मागे राहिले, त्याच्या जागी गॅलरी आली. अंगणात ऊन फार म्हणून मांडव घालावा लागे; गॅलरीत मात्र तुळशीपुरते तरी ऊन येते का, याची चौकशी घर घेतानाच करावी लागते. एका इमारतीची सावली दुसरीवर पडते, दुसरीची तिसरीवर. अशा सावलीत काय लावावे, हा प्रश्न आता चऱ्होलीत घरोघरी आहे.

या घरांपैकी अनेकांची एक फांदी परदेशी असते. उन्हाळ्यात आजी लेकीकडे न्यू जर्सीला जाते. तेथे घराच्या पायरीशी, मोठ्या झाडाच्या सावलीत, वीतभर उंचीचे एक देखणे रोप तिच्या नजरेस पडते. पाने अळूसारखी पण लहान, जाडसर, शिरा ठसठशीत. मध्ये हिरवा रंग आणि भोवती दुधाळ पांढरी कडा. ऊन नाही, फूल नाही, तरी सारा कोपरा उजळलेला. नाव विचारले तर ‘होस्टा’. आजीला चऱ्होलीची उत्तरेकडची गॅलरी आठवते आणि मनात येते, दोन गड्डे बॅगेत टाकले तर? कोणी बॅगेचा विचार सोडून देतात आणि ‘होस्टाचे कंद’ म्हणून भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या सुंदर छायाचित्राला भुलून पैसे भरतात. दोन्ही वाटांचा शेवट बहुधा एकच होतो. पहिल्या वर्षी पाने येतात, दुसऱ्या वर्षी ती निम्म्याने येतात, तिसऱ्या वर्षी कुंडीत मऊ पडलेला गड्डा सापडतो. मग घरात बोलले जाते, “माझ्या हाताला गुणच नाही.”

हाताचा त्यात दोष नसतो. दोष असतो रोपाची झोप आणि गावाचा हिवाळा यांच्या न जुळण्याचा. हे समजून घेतले म्हणजे चऱ्होलीच्या सावलीत काय लावावे याचेही उत्तर मिळते.

होस्टा मूळची जपान, कोरिया, चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडील भागातली. झाडांच्या विरळ सावलीत, ओलसर उतारांवर, ओढ्यांच्या काठांनी ती वाढते. जपानमध्ये तिला ‘गिबोशी’ म्हणतात आणि वसंत ऋतूतील तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी आवडीने खातात. एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन वैद्य १६९० ते १६९२ या काळात जपानात होता. युरोपला या वनस्पतीची पहिली ओळख त्याच्या चित्रांतून आणि वर्णनांतून झाली. पुढे १८३० मध्ये जपानहून परतलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्डने जिवंत रोपे हॉलंडला नेली. त्याआधीच, १८१२ मध्ये, लिओपोल्ड ट्राटिनिक या शास्त्रज्ञाने निकोलाउस थॉमस होस्ट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ तिला ‘होस्टा’ हे नाव दिले होते. आज तिचे हजारो प्रकार आहेत. काहींची पाने सुपाएवढी, तर काहींची नाण्याएवढी. लहानांपैकी ‘ब्लू माऊस इअर्स’ हा प्रकार उंदराच्या कानासारख्या जाड, निळसर पानांचा. २००८ मध्ये अमेरिकेतील होस्टा उत्पादकांच्या संघटनेने त्याला ‘वर्षाचा होस्टा’ म्हणून निवडले. ‘माइटी माऊस’ हे त्याचेच दुरंगी भावंड. ‘पँडोराज बॉक्स’ त्याहून नाजूक, जेमतेम १० सेंटिमीटर उंचीचा; त्याच्या पानाचा मधला भाग पांढरा आणि कडा निळसर हिरवी असते.

ही सारी मंडळी हिवाळ्यात झोपतात. पहिल्या कडक थंडीत पाने पिवळी पडून गळतात आणि जमिनीवर काहीही उरत नाही. खाली गड्डा असतो, त्याच्या डोळ्यांत पुढील वर्षाची पाने घडी घालून ठेवलेली असतात. परंतु ती घडी उलगडावी म्हणून गड्ड्याला सुमारे ५ अंश सेल्सिअसच्या खालची थंडी साधारण सहा आठवडे तरी मिळावी लागते. थंडीचा हा कोटा पुरा झाला की ऊब येताच डोळे फुटतात. कोटा अपुरा राहिला तर रोप अर्धवट झोपेतून उठल्यासारखे दोन-चार खुरटी पाने काढते आणि साठवलेले अन्न संपवून बसते.

आता पुण्याचा हिवाळा पाहावा. जानेवारीत येथील रात्रीचे सरासरी किमान तापमान ११ अंशांच्या आसपास असते आणि दुपारी ते ३० अंशांपर्यंत चढते. पुण्याच्या वेधशाळेच्या इतिहासातील नीचांकी नोंद १.७ अंशांची, ती १७ जानेवारी १९३५ ची. म्हणजे होस्टाला ज्या रात्री दीड महिना सलग हव्यात, तशी रात्र येथे क्वचित एखादी येऊन जाते. बॅगेतून आलेला गड्डा पहिल्या वर्षी फुलतो तो न्यू जर्सीत घेऊन आलेल्या झोपेच्या बळावर. ती शिदोरी संपली की चऱ्होलीत ती पुन्हा भरून मिळत नाही.

काही हौशी लोक यावर शीतकपाटाचा उपाय करतात. नोव्हेंबर-डिसेंबरात गड्डा काढून, माती झाडून, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून दोन महिने भाजीच्या कप्प्यात ठेवावयाचा आणि फेब्रुवारीत पुन्हा लावावयाचा. त्याच कप्प्यात सफरचंद किंवा केळी असतील तर पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने डोळे बिघडतात. एवढे सांभाळूनही पाने बाहेर येतात ती थेट मार्च-एप्रिलच्या तापात. एका कुतूहलापुरता हा प्रयोग ठीक. पण दरवर्षी ज्याला शीतकपाटात निजवावे लागते, ते रोप घरचे झाले असे म्हणता येत नाही.

बॅगेतून गड्डे आणण्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशातून रोपे, कंद किंवा बियाणे आणावयाचे तर आयातीचा परवाना आणि तेथील अधिकाऱ्यांचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. हा नियम कागदी कटकट नव्हे, हे होस्टाच्याच उदाहरणावरून पटते. १९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात होस्टावरील एका विषाणूची ओळख पटली. त्याला ‘होस्टा व्हायरस एक्स’ म्हणतात. त्याने पानांवर शाई फुटल्यासारखे चट्टे उठतात. ते चट्टे लोकांना नवी नक्षी वाटले आणि रोगट रोपे नवे प्रकार म्हणून विकली गेली. छाटणीच्या कात्रीवरून विषाणू एका रोपातून दुसऱ्यात जात राहिला. आपल्याकडील शेतकऱ्याला अशी फसगत नवी नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा सोन्यासारख्या पिवळ्या होतात, दिसावयास सुंदर दिसतात, पण तो ‘केवडा’ असतो आणि पीक घेऊन जातो. म्हणून दुरंगी रोप निवडताना पानांची नक्षी एका घडणीची आहे ना, पाने सपाट आणि निरोगी आहेत ना, हे आधी पाहावे. वेडीवाकडी, चुरगळलेली, कुठेही कशीही उमटलेली नक्षी हे आजाराचे लक्षण समजावे.

निरोगी दुरंगी पान कसे घडते, तेही जाणून घेण्याजोगे आहे. पानाचा हिरवा भाग हरितद्रव्यामुळे हिरवा असतो आणि प्रकाशापासून अन्न तोच करतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते. तो हिरव्याच्या कमाईवर जगतो. वाढीच्या टोकाशी असलेल्या पेशींच्या थरांपैकी एखाद्या थरात हरितद्रव्य करण्याची क्षमता हरवते आणि त्या थरातून पानाचा जो भाग बनतो, तो पांढरा राहतो. कधी कडा पांढरी होते, कधी मध्यभाग. ज्याचा मध्यभाग पांढरा, त्याचे कमावते क्षेत्र कमी. म्हणूनच ‘पँडोराज बॉक्स’सारखे प्रकार वाढावयास फार संथ असतात.

या रचनेतून माळीकामाचे तीन नियम निघतात. पहिला असा की दुरंगी रोपाला त्याच जातीच्या हिरव्या रोपाहून अधिक उजेड लागतो. ‘सावलीतले रोप’ याचा अर्थ अंधारातले रोप नव्हे. दुसरा नियम असा की एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघाला तर तो मुळापासून अलगद काढून वेगळ्या कुंडीत लावावा. हिरवा फुटवा अधिक कमावतो, म्हणून वेगाने वाढतो आणि दोन-तीन वर्षांत दुरंगी भावंडाला झाकून टाकतो. तिसरा नियम लावणीचा. पेशींच्या थरांची ही मांडणी बियांतून बहुधा पुढे जात नाही, म्हणून नक्षी टिकवावयाची तर मूळ रोपाचे फुटवेच वेगळे करावे लागतात. याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचे पान कापून त्याचे तुकडे मातीत खोचले तर नवी रोपे येतात खरी, पण ती साधी हिरवी. तोच गड्डा विभागून लावला तर पिवळा काठ कायम राहतो.

मग होस्टा नाही तर काय? उत्तरासाठी तिचा गोतावळा शोधावा. वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात होस्टा शतावरीच्या कुळात बसते. त्या कुळातील ज्या शाखेत होस्टा आहे, त्याच शाखेत निशिगंध आहे, घायपात आहे आणि क्लोरोफायटमही आहे. क्लोरोफायटम हे नाव परके वाटले तरी वनस्पती परकी नाही. औषधी सफेद मुसळी ही त्याचीच एक जात, तर पहिल्या पावसानंतर सह्याद्रीच्या उतारांवरून बाजारात येणारी फोडशी, जिला कोठे कुलूची भाजी म्हणतात, तीही याच प्रजातीतली. जपानी गृहिणी वसंतात गिबोशीचे कोंब शिजवते, मावळातील गृहिणी आषाढात फोडशी निवडते. दोघींच्या टोपलीतील पाने एकाच गोत्राची.

याच क्लोरोफायटमची आफ्रिकेतून जगभर गेलेली बहीण म्हणजे ‘स्पायडर प्लांट’. चऱ्होलीच्या गॅलरीत लहान, दुरंगी, सावलीतले रोप म्हणून होस्टाची जागा घेण्याचा पहिला मान तिचा. पाने लांब, गवतासारखी, कमानीत वाकणारी. एका प्रकारात मध्ये पांढरा पट्टा आणि दोन्ही कडा हिरव्या असतात, दुसऱ्यात मध्य हिरवा आणि कडा पांढऱ्या. दांड्याच्या टोकाला पिल्ले लोंबतात. ती मातीला टेकवली की मुळे धरतात आणि आईची नक्षी जशीच्या तशी घेऊन येतात. तिला कडक थंडीची झोप लागत नाही. जाड मुळांत ती पाणी साठवते, त्यामुळे चार दिवस घर बंद राहिले तरी रुसत नाही. लहान मुले आणि मांजरे असलेल्या घरातही ती निर्धोक आहे.

परंतु होस्टाचे अर्धे सौंदर्य तिच्या जाण्या-येण्यात असते. नाहीसे झालेले रोप एके दिवशी मातीतून नाक वर काढते, हा आनंद स्पायडर प्लांट देत नाही. त्यासाठी कॅलेडियम लावावे. जुनी माणसे त्याला ‘रंगीत अळू’ म्हणतात आणि ते खरोखर अळूच्याच कुळातले आहे. त्याचा ‘कँडिडम’ हा जुना प्रकार शुभ्र पानांचा आणि हिरव्या शिरांचा. सावलीच्या कोपऱ्यात तो दिवा लावल्यासारखा दिसतो. कॅलेडियमही झोपते, पण त्याची झोप होस्टाच्या उलट. होस्टाला ५ अंशांखालची थंडी हवी, तर कॅलेडियमच्या कंदाला १५ अंशांखालची थंडी बाधते. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात, जेथे वर्षाचा एक भाग ओला आणि एक कोरडा असतो. ते कोरड्या दिवसांत झोपते आणि पावसाच्या चाहुलीने उठते. चऱ्होलीच्या पंचांगाशी हे तंतोतंत जुळते.

एक सावधगिरी मात्र घरातील सर्वांना सांगून ठेवावी. कॅलेडियमच्या पानांत आणि कंदांत सुईसारखे स्फटिक असतात. ते चावले तर तोंड आणि घसा सुजतो. अळूवड्या करणाऱ्या हातांना खाजेची ओळख असते, पण हे अळू शिजवूनही खाण्याचे नव्हे. कुंडी रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

आता सावलीचा हिशेब. गॅलरी उत्तरेची म्हणजे तेथे कधीच ऊन नाही, असा समज असतो. तो युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून आलेला आहे. चऱ्होली विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेअठरा अंशांवर आहे. येथे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस म्हणून मुले गच्चीवर बाटली उभी करून ते पाहतात. या दोन दिवसांच्या दरम्यान सूर्य दिवसभर आकाशाच्या उत्तर बाजूने जातो. २१ जूनला तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून पावसाचे ढग येईपर्यंत उत्तरेच्या गॅलरीत सकाळी आणि दुपारनंतर तिरपे, चांगले तापलेले ऊन शिरते. वर्षभर सावलीला सरावलेली पाने याच दिवसांत भाजतात आणि आधी भाजतो तो पांढरा भाग. हरितद्रव्य नसलेली कडा तपकिरी होऊन कुरकुरते. घरातील लोक पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घालतात आणि मुळे कुजवतात. येथे पाणी वाढविण्याची गरज नसते. कुंडी हातभर आत ओढावी किंवा जुनी सुती साडी कठड्याला बांधावी, एवढे पुरे.

हिवाळ्यात याच्या उलट. २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो. तेव्हा ४५ मीटर उंचीच्या इमारतीची सावली उत्तरेकडे सुमारे ४० मीटर पडते. समोर दुसरी इमारत असेल तर खालच्या मजल्यांना आकाशाचा उजेडही तुटपुंजा मिळतो. अशा वेळी कुंडी कठड्याच्या जवळ न्यावी. उजेड पुरेसा आहे का, हे पाहण्यास यंत्र नको. दुपारी पानाच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरावा. खाली पडणारी सावली अंधुक पण ओळखता येईल अशी असली तर दुरंगी रोप तेथे राहील. सावली पडतच नसेल तर तेथे साधे हिरवे रोपच ठेवावे. पांढऱ्या कडेचा हट्ट तेथे धरू नये.

कुंडी लहान घ्यावी. रोप वीतभर आणि कुंडी घागरीएवढी असली की न वापरलेली माती ओलीच राहते आणि आंबते. सहा ते आठ इंचांची, तळाला भोके असलेली कुंडी पुरते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण करावे; नदीकाठची काळी चिकट माती तेवढीच भरू नये, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल धरते. पाणी बोटाने पाहून घालावे. वरचा इंचभर थर कोरडा झाला की तळातून निथळेपर्यंत द्यावे आणि मग पुन्हा कोरडा होईपर्यंत थांबावे.

पाण्याच्या जातीकडेही लक्ष असावे. बोअरच्या पाण्यात अनेकदा क्षार असतात. टँकरचे पाणीही पुष्कळदा बोअरचेच असते. त्यातून घरातील जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून काटकसरी हात ते कुंड्यांना घालतात. हेतू चांगला, पण त्या पाण्यात क्षार अधिक दाट झालेले असतात. स्पायडर प्लांटची टोके तपकिरी होण्याचे एक मोठे कारण हेच. ते पाणी फरशी पुसण्यास वापरावे. पावसाळ्यात चार बादल्या पावसाचे पाणी धरून कुंड्यांना एकदा भरपूर द्यावे, म्हणजे साठलेले क्षार तळातून निघून जातात. खत बेतानेच द्यावे. पावसाळ्याच्या तोंडी आणि नवरात्राच्या सुमारास मूठभर गांडूळखत पुरे होते.

आता राहिला प्रश्न पाहुण्यांचा. होस्टाचा जगभरचा शत्रू म्हणजे गोगलगाय. कोवळी पाने तिला इतकी प्रिय की एका रात्रीत जाळी होते. न्यू जर्सीत हरणेही त्यात सामील होतात. चऱ्होलीत हरणे नाहीत, पण पावसाळ्यात गोगलगायी पुष्कळ. त्यांतील मोठी, शंखासारख्या कवचाची आफ्रिकी गोगलगाय मूळची येथली नव्हे. विल्यम बेन्सन या ब्रिटिश हौशी संशोधकाने १८४७ मध्ये ती मॉरिशसहून कोलकात्यास आणली आणि पुढे ती देशभर पसरली. कोणी हौसेने आणलेला एक जीव केवढा पसारा मांडतो, याचे हे उदाहरण बॅगेतील गड्ड्यांच्या संदर्भातही आठवावे. चौथ्या मजल्यावर गोगलगाय चढून येते असे क्वचितच घडते. ती येते रोपवाटिकेच्या मातीतून, अंड्यांच्या रूपाने. विषारी गोळ्या पसरण्याची वेळ येऊ द्यावयाची नसेल तर यतना आधी हवी. नवे रोप आणल्यावर ते दोन आठवडे इतरांपासून दूर ठेवावे, कुंडीचा तळ आणि काठ पाहावा, मातीचा वरचा थर बदलावा. कुंड्या फरशीवर न ठेवता तिवईवर ठेवाव्यात. पाणी रात्री न घालता सकाळी घालावे, म्हणजे रात्री माती ओली राहत नाही आणि गोगलगायीला बोलावणे जात नाही. तरीही एखादी दिसलीच तर उघड्या हाताने धरू नये. तिच्या अंगी रोगकारक जंत असू शकतात. हातमोजा घालून किंवा कागदावर घेऊन ती उचलावी.

कुंडीखालच्या ताटलीचेही तसेच. तिच्यातील पाण्यात डासांच्या अंड्यांपासून उडते डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून ताटल्या कोरड्या कराव्यात. जो जीव उपजलाच नाही, त्याला मारण्याचे पापही नको आणि घरात डेंग्यूचा तापही नको.

वर्षाचा क्रम असा राहतो. नोव्हेंबरात कॅलेडियमची पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करीत जावे आणि डिसेंबरात बंद करावे. पाने सुकून आपोआप गळू द्यावीत, ओढून काढू नयेत. जाता जाता ती कंदाला अन्न देत असतात. रिकामी दिसणारी कुंडी घरात, स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवावी आणि तिच्यावर चिठ्ठी लावावी, नाहीतर कोणीतरी ‘मेली’ म्हणून ओतून टाकतो. मेच्या पूर्वार्धात कंद नव्या मातीत, दोन बोटे खोल लावावेत, डोळे वरच्या अंगाला येतील असे. थोडेच पाणी द्यावे आणि वाट पाहावी. या मधल्या रिकाम्या महिन्यांत स्पायडर प्लांट शेजारी असते, त्यामुळे कोपरा ओस वाटत नाही. पावसाळ्यात तिची दोन-तीन पिल्ले वेगळी करून शेजारच्या घरी द्यावीत. एकाच आईची पांढरी पट्टी मग साऱ्या मजल्यावर दिसू लागते.

न्यू जर्सीत एप्रिलच्या सुमारास मातीतून होस्टाची टोके वर येतात. तेथील लेक छायाचित्र पाठविते. चऱ्होलीत तेव्हा कॅलेडियमची कुंडी अजून कोरडीच असते. आजी उत्तर देत नाही, महिना-दीड महिना थांबते. मग एका संध्याकाळी वळवाचा पाऊस होतो, इंद्रायणीकडून ओल्या मातीचा वास येतो आणि आठवडाभरात कुंडीत सुरळी झालेले पांढरे टोक दिसते. त्या दिवशी छायाचित्र चऱ्होलीहून न्यू जर्सीला जाते.